टर्नरच्या बारा जागा

तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस लेथला घाबरतो, यावर माझा विश्वास बसायला बरेच दिवस गेले. मला वाटायचं, सर नाटक करतात. पोरांवर वचक राहावा म्हणून काही मास्तर छडी बाळगतात, काही मिशा बाळगतात. आमच्या सरांनी भीती बाळगली असेल, इतकंच. पण एकदा वर्कशॉपमध्ये कुणी नसताना मी त्यांना हत्यारांच्या खोलीच्या जाळीआडून पाहिलं. मशीन सुरू करण्याआधी त्यांनी दोन्ही बाह्या कोपराच्या वर दुमडल्या, शर्ट खोचला, गळ्याला हात लावून काही लोंबत नाही ना ते चाचपलं. चकमध्ये, म्हणजे लोखंड धरून फिरवणाऱ्या जबड्यात, किल्ली राहिली नाही ना ते पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. आणि बटण दाबताना मान अशी मागे नेली, की नवशिका पोरगा परवडला. बघायला कुणी नव्हतं. तेव्हा पटलं, की हा माणूस खरोखरच घाबरतो.

ही गोष्ट नव्वदनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. इस्लामपूरपासून थोडं आत, उसाच्या पट्ट्यातल्या एका गावात एका शिक्षणसंस्थेनं खाजगी आयटीआय काढलं होतं. इलेक्ट्रिशियन, फिटर, मोटर मेकॅनिक आणि टर्नर असे चार ट्रेड. टर्नर म्हणजे लेथवर गरगर फिरणाऱ्या लोखंडाला हत्यार लावून त्याला हवा तो आकार देणारा कारागीर. या टर्नरचे मुख्य निदेशक आमचे सर, आणि त्यांच्या हाताखाली मी. त्याआधी दोन वर्षं मी कुपवाडच्या एका कारखान्यात लेथ चालवत होतो. इथली नेमणूक हंगामी, वर्षावर्षाची. पण माझे वडील फौजेतून रिटायर झालेले, त्यांनी कराडकडच्या आमच्या गावात सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की पोरगं सर झालं. त्यामुळे माझी परत जायची वाट बंदच झाली होती.

पहिल्या दिवशी मी सर्टिफिकेटं घेऊन पुढे उभा राहिलो, तर सर म्हणाले, "कागद ऱ्हाऊ दे. हात दाव."

मी हात पुढे केले. बाजारात वांगी बघावीत तसे त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि डाव्या अंगठ्यावरच्या व्रणावर बोट ठेवलं. "ह्यो कवाचा?"

"कुपवाडचा. पहिल्या महिन्यातला."

"म्हंजे भ्या न्हवतं तवाचा. आन आता?"

मी जरा फुशारकीनंच म्हणालो, "आता सवय झालीय, सर."

सरांचा चेहरा पडला. "सवय झालेला माणूस लय वंगाळ," ते म्हणाले. "कुपवाडात जेवढी बोटं गेली, समदी सवयीच्या माणसांची."

त्यांची स्वतःची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. अंगावर साधा ओरखडा नव्हता. त्यामुळे त्यांच्या भीतीचं मूळ कुणालाच सापडत नव्हतं. पोरं म्हणायची, सरांच्या डोळ्यांदेखत कुणीतरी गेलं असणार. फिटरचे निदेशक म्हणायचे, कसलं काय, जन्माचाच भित्रा. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. पोरं मागून त्यांना 'भ्यामास्तर' म्हणत. ते त्यांच्या कानावर होतं, आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. "भ्यालेला टर्नर म्हातारा हुतो," असं ते उलट पोरांनाच ऐकवत.

वर्कशॉपच्या दाराशी त्यांनी एक फळी ठोकली होती आणि फळीवर ओळीनं खिळे. आत येणाऱ्यानं अंगावर लोंबणारं, गुंडाळलेलं, अडकवलेलं जे काही असेल ते तिथं टांगायचं. मफलर, घड्याळ, कडं, अंगठी, गळ्यातला ताईत, हातातला गंडा, सगळं. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ती फळी बघण्यासारखी दिसे. स्पंजाची मोठाली फुलं, चमकीच्या झिरमिळ्या. एखादं पोरगं रुसून म्हणे, "सर, भनीनं बांधलीया."

"मग भनीला थोटा भाऊ देऊ नगंस," सर म्हणत, आणि आधी स्वतःच्या मनगटावरची राखी सोडून खिळ्याला लावत.

संस्थेचे चेअरमनसाहेब एकदा पाहुणे घेऊन वर्कशॉप दाखवायला आले. चेअरमन म्हणजे पांढरेशुभ्र कपडे, जीप, शंभर-सव्वाशे एकराच्या गप्पा आणि गळ्यात सोन्याची जाड साखळी. सर दारात आडवे उभे राहिले. "साखळी तेवढी खिळ्याला लावा साहेब." चेअरमन हसले, मग थांबले, मग लाल झाले. साखळी काही त्यांनी काढली नाही. पाहुण्यांना त्यांनी वर्कशॉप खिडकीतून दाखवलं.

बाहेरही सरांचं हेच. रसवंतीवर ते चरकापासून चार हात लांब उभे राहून रस प्यायचे आणि रसवाल्याला म्हणायचे, "शेवटचं कांडकं हातानं दाबू नगं बाबा, दुसरा ऊस लाव त्याच्या मागनं." एकदा आम्ही सायकलवरून येत होतो, ते चालवत होते, मी मागे कॅरियरवर. वाटेत एका खळ्यावर ट्रॅक्टर लावून मळणी चालली होती आणि एक बाई यंत्राच्या तोंडात कणसं लोटत होती. पदर सुटलेला, वाऱ्यावर उडतोय. सरांनी सायकल माझ्या हातात दिली, सरळ ट्रॅक्टरपाशी गेले आणि इंजिन बंद केलं.

मालक धावत आला. "आवं मास्तर, काय चालवलंय? तुमचं काय जातंय ह्यात?"

"माजं काय जात न्हाई. आधी पदर जाईल, मग बाई जाईल. पदर खोचू दे, मग कर चालू."

मालकानं शिव्या दिल्या. सर हलले नाहीत. बाईनं पदर कमरेला घट्ट खोचला, वर गाठ मारली, तेव्हा ते बाजूला झाले. पुढे गावापर्यंत ते सायकलवर बसलेच नाहीत, हातात धरून चालत आले. मला वाटलं रागानं. जवळून पाहिलं तर त्यांचे पाय कापत होते.

वर्षातून एखाद्या वेळी ते मला एसटीनं कुपवाडला घेऊन जात. कारखान्यात नव्हे, सकाळच्या पाळीच्या वेळी जिथं वळणावर गाड्या हळू होतात तिथं आम्ही उभे राहायचो. शेकडो मोटारसायकली, लुना, स्कूटर. सर चेहऱ्यांकडे बघतच नसत. त्यांची नजर हँडलवरच्या बोटांवर. "त्यो बघ, आपल्या दुसऱ्या बॅचचा. दोन्ही हात हायती," असं म्हणून ते समाधानानं मान हलवत. बाकीचे निदेशक परीक्षेचा निकाल बघत, सर हा निकाल बघत.

पण त्यांचं सगळ्यात मोठं वेड भिंतीवर होतं. वर्कशॉपच्या मागच्या भिंतीवर त्यांनी शेंदरानं प्रवेशाच्या रेघा काढल्या होत्या. कोणत्या वर्षी कोणत्या ट्रेडला किती पोरं आली, त्याचा आलेखच तो. इलेक्ट्रिशियनची रेघ वर वर गेलेली, कारण प्रत्येक आईबापाला पोरगं वीज मंडळात चिकटलेलं दिसायचं. फिटरची साखर कारखान्यांच्या भरतीप्रमाणे खालीवर. टर्नरची रेघ आधी बरी होती. इस्लामपूरला कॉम्प्युटरचे क्लास निघाले आणि ती जी खाली लागली ती लागलीच. जी पोरं चौकशी करून किंवा चार दिवस येऊन गेली आणि परत आली नाहीत, त्यांच्या घरी सर सायकलवरून जात आणि कारण विचारून येत. मग भिंतीवर त्या वर्षाखाली बारीक अक्षरात लिहीत: 'मामा म्हणला कॉम्प्युटर कर', 'मिलिटरीत भरती', 'काळे हात नकोत', 'आईला भ्या'. दरवर्षी शेवटचं कारण जास्त वेळा लिहिलं जात होतं, आणि ते कुठून येतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

ते येत होतं चिंधीच्या तासातून.

नवीन पोरांना पहिले पंधरा दिवस मशीनला हात लावायची परवानगी नव्हती. मग एके दिवशी सर त्यांना लेथभोवती लांब गोल करून उभं करत. चकमध्ये ओबडधोबड लोखंडी कांब लावलेली. सर एका उसाच्या टोकाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधत, मशीन सुरू करत आणि ती चिंधी फिरत्या कांबेजवळ नेत. चिंधी कधी गुंडाळली जायची ते डोळ्याला दिसत नसे. सरांच्या हातातला ऊस ओढला जायचा, कडाकड मोडायचा आणि त्याचे तुकडे वरच्या पत्र्यावर जाऊन आपटायचे. सर बटण बंद करत. आमचे लेथ जुने, पट्ट्यावर चालणारे; बंद केल्यावरही चक आपल्या मनानं फिरत राही. तो पुरता थांबेपर्यंत सर गप्प उभे. मग म्हणत, "आता ऊस न्हवं, मनगाट हुतं असं समजा."

मी तीन वेळा तो तास पाहिला आणि तिन्ही वेळा आपसूक दोन पावलं मागे सरलो. दरवर्षी दुसऱ्या दिवशी दोन-तीन पोरं येत नसत.

एका वर्षी जूनमध्येच चेअरमननी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. "मास्तर, पोरं हाकलायचा पगार घेता काय तुमी?" त्यांनी सरळच विचारलं. "टर्नरच्या जागा बारा. यादी सरकारात जाणार ऑगस्टच्या अखेरीला. त्यात आठ नावं तरी पायजेत. न्हाईतर टर्नर बंद. मशिनी इकायच्या आन कॉम्प्युटर घ्यायचे, ठरलंय आमचं."

"बरं," सर म्हणाले.

"बरं काय? ती तुमची चिंधी यादी गेल्यावर दावा की. कोण नगं म्हणतंय?"

"आन यादी जायच्या आधी एकाचं बोट गेलं तर?"

चेअरमननी कपाळावर हात मारला आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला कळली. सर कायमचे होते. ट्रेड बंद झाला तर संस्था त्यांना कुठल्यातरी हायस्कूलच्या ग्रंथालयात बसवणार होती. मला कुठं बसवायचा प्रश्नच नव्हता. त्या दिवसापासून मी आकडे मोजत झोपायचो आणि आकडे मोजत उठायचो. आठ. आठ. वडिलांची पत्रं यायची, वर मलाच उद्देशून 'सरांना आशीर्वाद', आणि ती मला उघडवत नसत.

मी गावोगाव हिंडलो. कुपवाडच्या एका जुन्या सोबत्यानं माण तालुक्यातल्या आपल्या गावचा पत्ता दिला, तिथंही गेलो. दहिवडीच्या पुढे, उघड्या माळावरचं गाव. घरटी एक माणूस मुंबईला. एका घरी दहावी झालेला पोरगा होता. बाप मुंबईला हमाली करायचा, आई मेंढरं बघायची. पोरगा हुशार, डोळे लुकलुकते. त्याच्या उजव्या मनगटावर काळ्या लोकरीचा जाड गंडा होता, आईनं स्वतः पीळ देऊन वळलेला. लहानपणी दुखण्यातून उठला म्हणून देवाला बोललेला.

आईनं पाणी दिलं आणि मी पिईपर्यंत समोर उभी राहिली. मग म्हणाली, "सर, मिशनीवरचं काम हाय म्हणत्यात. पोराच्या हातापायाला काय हुनार न्हाई न्हवं?"

"काही होत नाही मावशी. आता बटण बंद केलं की मशीन जागच्या जागी थांबतं."

"आन गंडा काडायचा न्हाई बगा. तेवडं वचन द्या."

"नाही काढणार."

दोन उत्तरं, आणि दोन्ही खोटी. परतताना एसटीत मनात मी आकडा एकानं वाढवून टाकला.

जुलैत पोरं झाली दहा. चिंधीचा तास जवळ आला. हे माणचं पोरगं ती चिंधी बघून टिकणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. मग मी त्याच्या दाखल्यात खोट काढली. शिक्का पुसट आहे म्हणालो आणि नेमक्या त्या दिवशी त्याला शाळेत शिक्का मारून आणायला दहिवडीला पिटाळलं. तास झाला. दुसऱ्या दिवशी दोन पोरं आली नाहीत. उरले सात, आणि शिक्का घेऊन परत आलेला आठवा.

सरांनी विचारलं, "ह्यो कुठं हुता काल?"

"दाखल्याला गेलेला, सर. त्याला मी वेगळी दाखवतो चिंधी."

"दाव," सर म्हणाले.

गंड्याचं मी असं केलं: मनगटाला पट्टी गुंडाळली आणि वरून चिकटपट्टी लावली. सरांनी दारात त्याचा हात धरून विचारलं, "काय रं ह्ये?" मीच मधे पडलो, "लागलंय सर, बांधलंय." सर पट्टीकडे बघत राहिले. "बरं झालं की काड," एवढंच म्हणाले. मला हायसं वाटलं.

हायसं वाटणं त्या दिवसापुरतंच होतं. पोरगा मशीनवर उभा राहू लागला आणि माझी झोप उडाली. त्याला भीती शिकवली नव्हती, त्यामुळे त्याचा हात फार छान चालायचा. सगळ्या पोरांत तोच पुढे. बाकीची पोरं मान मागे घेऊन काम करायची, हा पुढे वाकायचा. मी त्याला रोज बजावायचो, हात लांब ठेव, हात लांब ठेव. का ते मात्र सांगत नव्हतो. रोज सकाळी पट्टी बदलायचो. तेलानं ती दुपारपर्यंत सैल व्हायची. मी दुसऱ्या पोरांना शिकवत असायचो आणि माझे डोळे त्या मनगटावर. कुठं हातोडी पडली तरी मी आधी त्याच्या मशीनकडे वळायचो. कितीदा मनात आलं, जाऊ दे, काढून टाकू तो गंडा, दाखवू चिंधी, गेला तर गेला. मग वाटायचं, यादी जाऊ दे. पंधरा दिवस. मग दहा दिवस. मग चार.

त्या महिन्यात सरांनी आपलं स्टूल मेन स्विचपाशी नेऊन ठेवलं होतं. ते पोरांमध्ये कमी फिरायचे, तिथंच बसून असायचे. मी म्हटलं, वय झालं.

यादी जायला दोन दिवस राहिले होते. सकाळचे अकरा वाजले असतील. पोरगा फिरत्या कांबेला हातानं पॉलिश पेपर लावत होता. मी शेजारच्या मशीनवर होतो. मान वळवली आणि दिसलं, की त्याच्या पट्टीतून काळ्या लोकरीचं एक टोक बाहेर आलंय. बोटभर. ते हलत होतं. हाक मारावी तर तो दचकेल, दचकला तर हात पुढे जाईल. मी हाक मारली नाही, चालत निघालो. चार पावलांचं अंतर. दोन पावलं झाली.

लोकर कांबेत अडकली आणि तुटली नाही. आईनं पीळ घट्ट दिला होता. पोरगा ओरडायच्या आधी सरांनी मेन स्विच खाली ओढला होता. इतक्या चपळाईनं मी त्यांना कधी हलताना पाहिलं नव्हतं. पण चक फिरत राहिला. आपल्या मनानं, सावकाश, फिरत राहिला, आणि तो थांबेपर्यंत आमच्यापैकी कुणालाच काही करता आलं नाही.

चेअरमनच्याच जीपमधून त्याला सांगलीला नेलं. करंगळी गेली, शेजारचं बोट अर्धं गेलं, तळहाताची हाडं मोडली. डॉक्टर म्हणाले, स्विच वेळेवर बंद झाला म्हणून हात तरी राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आली. एसटी बदलत बदलत, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा, बरोबर गावातलं कुणीतरी म्हातारं माणूस. पोराच्या उशाशी ती बराच वेळ नुसती उभी राहिली. रडली नाही. माझ्याकडे वळली तेव्हा मला वाटलं, आता ही विचारणार.

ती म्हणाली, "माजंच चुकलं सर. मीच म्हनलं हुतं गंडा काडू नगासा."

सर पुढे झाले. त्या बाईसमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "न्हाई बाई. तुमची न्हाई, माजी चूक हाय. भ्या शिकवायचं काम माजं, त्ये मी क्येलं न्हाई." मला वाटलं, सर मला पाठीशी घालतायत. एवढं सगळं होऊनही माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आता माझं नाव येणार नाही. आज हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

सर बाहेर गेले. आई पाणी आणायला गेली. खाटेवरून पोरानं मला हळूच जवळ बोलावलं.

"सर, मी कुणाला काय बोललो न्हाई."

"कशाचं?"

"पट्टीचं. आन दाखल्याचं. मला पोरांनी चिंधीचं सांगितलं हुतं. लय भ्या वाटायचं सर मला, रोज वाटायचं. घरला पळून जावं वाटायचं." तो थांबला. "पर पोरं म्हनली, आट न्हाई झाले तर तुमची नोकरी जातीया. म्हनून ऱ्हायलो."

मला तिथं उभं राहवेना. बाहेर व्हरांड्यात सर बाकावर बसले होते. मी त्यांच्यासमोर गेलो आणि सांगून टाकलं. आईला काय बोललो ते, दाखल्यातली खोट, पट्टी, न दाखवलेली चिंधी, सगळं. सांगताना मी रडत होतो. जाणारे-येणारे थांबून बघत होते. मला वाटत होतं, सर उठतील, एक मुस्कटात देतील आणि ते बरं होईल.

सर म्हणाले, "ठावं हाय मला."

"काय ठावं आहे?"

"दाखला शिक्क्याला ग्येला तवाच कळलं. पट्टी बगितली तवाबी कळलं. जखमंची पट्टी काय म्हैनाभर आसती व्हय?" ते माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या भिंतीकडे बघत होते. "इचारलं न्हाई मी. इचारलं आसतं तर तू खरं सांगितलं आसतंस. मग मला चिंधी दावायला लागली आसती. म्हनलं, यादी जाऊ दे. तवर आपुन स्विचपाशी बसू, भागंल."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो.

"आपल्या लेथवर पोरं ऱ्हावी वाटत हुतं," सर म्हणाले. "मलाबी आट पायजे हुते, गड्या."

दुसऱ्या दिवशी यादी गेली. त्या पोराचं नाव कुणी खोडलं नव्हतं, त्यामुळे आठ भरले आणि टर्नरची तुकडी त्या वर्षी वाचली.